नित्यनेम आणि वजनाचा कांटा

मराठींत व्यायामाविषयीं लिहिणारांची उणीव कधींच नव्हती. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ एकटाच दहा खंडांचा आहे. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी, पोहणें, यांपैकीं कोणताहि प्रकार कसा करावा, केल्यानें काय लाभ होतो व न केल्यानें काय हानि होते, हें सांगणारें पुस्तक शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. सुशिक्षित मराठी घराच्या फळीवर असें एखादें पुस्तक असतेंच, आणि त्याच्या पानांची प्रकृति घरच्या मंडळींच्या प्रकृतीपेक्षां पुष्कळच चांगली राहिलेली असते. कारण तें फारसें कोणी उघडलेलें नसतें.

या साऱ्या ग्रंथसंभारांत ज्या प्रश्नाचें उत्तर मला सांपडत नाहीं तो प्रश्न मात्र अगदीं साधा आहे. वजन उतरविण्याच्या हेतूनें व्यायाम सुरू केलेल्या माणसानें चौथ्या आठवड्यांत काय करावें? पहिल्या आठवड्याची चिंता कोणासच नसते. नवे बूट आणलेले असतात, गजर लावलेला असतो, घरांत त्या निश्चयाचें कौतुक चाललेलें असतें, आणि कांटाहि मोठ्या दिलदारपणें किलो-दीड किलो उतरून दाखवितो. दुसरा आठवडा पहिल्याच्या पुण्याईवर जातो. तिसऱ्यांत एखादें लग्न निघतें, नाहीं तर पाहुणा येतो. चौथ्यांत कांटा जागचा हालत नाहीं, आणि त्याच्याबरोबर माणूसहि हालेनासा होतो. अशा माणसासाठीं ‘आरंभशूर’ हा शब्द आपल्या भाषेनें केव्हांचाच तयार ठेवला आहे. पण रोगास नांव दिल्यानें त्याचें निदान झालें असें होत नाहीं.

हा प्रश्न प्रस्तुत लेखकानें निव्वळ साहित्यचर्चेच्या हौसेनें हातीं घेतलेला नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. मोखाडा तालुक्यांतील पोशेरा या गांवीं मी शिक्षकाच्या नोकरीनिमित्त राहतों. वय ५३, वजन ९२ किलो. रक्तांतील साखर सीमेवर येऊन उभी आहे, आणि माझे वडील ज्या दुखण्यानें गेले तें मधुमेहाच्याच घरचें होतें. डॉक्टरांनीं दहा किलो उतरवा व रोज चाला, एवढेंच सांगितलें. गेल्या चार वर्षांत मीं तीन वेळां आरंभ केला आणि तीनहि वेळां चौथ्या आठवड्यांत थांबलों. तिसऱ्या खेपेस मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें माझे बूट पुसले व कपाटांत नेऊन ठेवले. त्यानंतरच्या सुटींत मीं या विषयावरचीं तीन मराठी लिखाणें पुन्हां काढून वाचलीं. पुढील विवेचन त्या वाचनाचें आहे.

स्थळाचाहि उल्लेख करणें प्राप्त आहे; कारण वजन उतरविण्याची भाषा येथें बोलतांना जीभ अडखळते. जव्हार-मोखाड्याचा हा डोंगराळ मुलूख पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता व १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. उर्वरित महाराष्ट्रास तो बहुधा बालकांच्या कुपोषणामुळेंच ठाऊक आहे. १९९२-९३ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें झालेले बालमृत्यु वर्तमानपत्रांतून गाजले होते. उतारावरच्या नागली-वरईवर वर्ष निघत नाहीं, म्हणून दिवाळी झाली कीं अनेक कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. अंगणवाडींत मुलांचें वजन होतें तेव्हां कांटा वर चढावा म्हणून आया श्वास रोखून पाहतात. त्याच मुलुखांत मी माझ्या खोलींत, कांटा खालीं यावा म्हणून श्वास रोखून उभा असतों. या विसंगतीची लाज वाटते, आणि ती वाटावीच. परंतु त्या लाजेनें माझ्या रक्तांतील साखर उतरणार नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे.

तीन लिखाणांपैकीं पहिलें औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांचें ‘सूर्यनमस्कार’. भवानराव (१८६८-१९५१) हे राज्यकर्ते होते, तसेच चित्रकार व कीर्तनकारहि होते. १८९७ पासून सुमारें दहा वर्षें त्यांनीं युजेन सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीनें डंबेल्सचा व्यायाम नेमानें केला, आणि पुढें मिरजेच्या अधिपतींच्या उदाहरणावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. वळले ते कायमचेच. संस्थानच्या शाळांतून नमस्कार सक्तीचे झाले; १९३८ सालीं लंडन येथें लुईझ मॉर्गन या बाईंनीं संपादिलेली इंग्रजी आवृत्ति निघाली, आणि नमस्काराच्या दहा अवस्थांवरून तिला ‘आरोग्याचा दहा पायऱ्यांचा मार्ग’ अशा अर्थाचें नांव मिळालें.

ग्रंथाचा स्वर राजाचा आहे, आणि तोच आजच्या वाचकास प्रथम खुपतो. ग्रंथकाराचा उत्साह वाचकाच्या डोक्यावरून वाहत जातो. ज्या सकाळीं अंथरूण सोडवत नाहीं त्या सकाळीचें एखादें चित्र या ग्रंथांत रेखाटलें असल्याचें माझ्या तरी स्मरणांत नाहीं. ज्याच्या एका शब्दानें साऱ्या शाळा ओणव्या होतात त्यास आळसाचा परिचय करून द्यावा तरी कोणीं? परंतु टीकाकारानें स्वरावर रुसून रचनेकडे पाठ फिरवूं नये. नमस्काराची रचना पाहिली म्हणजे तींत मनुष्यस्वभावाचें फार बारीक ज्ञान भरलेलें दिसतें. वेळ ठरलेली, ती सूर्यानेंच ठरविलेली. साहित्य कांहींच नको, म्हणून सबबहि नाहीं. प्रत्येक नमस्काराला मंत्र आहे, सूर्याचें नांव आहे. त्यामुळें शरीर वांकत असतां मनालाहि कांहीं काम राहतें, व तें ‘किती उरले?’ असें विचारीत बसत नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे येथें जें मोजावयाचें तें करणाराच्या हातांतलें आहे. बारा नांवांनीं बारा नमस्कार घातले कीं त्या आवर्तनाचा हिशेब पुरा झाला. त्या बारांत चरबी किती तोळे उतरली हें विचारावयास सूर्य येत नाहीं. पंतप्रतिनिधींनीं उपदेश पुष्कळ केला, पण त्यांची पद्धति उपदेशापेक्षां शहाणी आहे. ती निश्चयावर फारसें ओझें टाकीत नाहीं. सकाळ, संख्या आणि मंत्र या तिघांत तें वांटून देते.

दुसरें लिखाण म्हणजे पु. ल. देशपांडे यांचा ‘उपास’ हा लेख. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकांत तो आहे. तो ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळा. चाळींतला एक गृहस्थ वजन कमी करण्याचा संकल्प सोडतो, आणि संकल्पाची वार्ता चाळभर होतांच सल्ल्यांचा पाऊस पडूं लागतो. सोकरजी त्रिलोकेकरांपासून पुढें जो भेटेल तो कांहीं तरी वर्ज्य करावयास सांगतो. एकानें सोडावयास सांगितलेलें अन्न दुसरा आवर्जून खावयास सांगतो. दोरीवरच्या उड्याहि होतात. शेवटीं वजनाच्या यंत्रांत नाणें टाकावें तों वजन वाढलेलें, आणि पाठीमागें छापलेलें भविष्य निराळेंच.

या लेखास विनोदी म्हणून जेवढें नांवाजलें गेलें तेवढें त्यांतील निरीक्षणाकडे लक्ष दिलें गेलें नाहीं, असें मला वाटतें. माझ्या मतें मराठींत व्यायामाच्या खंडित होण्याविषयीं लिहिलेलें हें सर्वांत प्रामाणिक लिखाण होय. त्यांत दोन गोष्टी लेखकानें, कदाचित् हेतु नसतांहि, अचूक हेरल्या आहेत. पहिली संगतीची. साऱ्या चाळींत सल्ला देणारे डझनावारी आहेत. बरोबर उड्या मारणारा एकहि नाहीं. संकल्प जाहीर केल्यानें तो दृढ होतो असें आपण समजतों. देशपांडे दाखवितात कीं जाहीर केल्यानें तो सार्वजनिक होतो, म्हणजे त्यावर सर्वांचा हक्क उत्पन्न होतो आणि करणाराचा उरत नाहीं. माझ्या तिसऱ्या आरंभाची कथा याहून निराळी नव्हती. शाळेच्या खोलींत मीं तो जाहीर केला. एकानें ताक सांगितलें, दुसऱ्यानें ताक वर्ज्य म्हणून सांगितलें, आणि मधल्या सुटींत वडा आला तेव्हां ‘आजच्या दिवस’ असा आग्रह करणारे तेच दोघे होते.

दुसरी गोष्ट त्या तिकिटाची. एका बाजूस वजन व दुसऱ्या बाजूस भविष्य असें जें तिकीट यंत्रांतून बाहेर पडतें, तें या लेखांत केवळ गंमत म्हणून आलेलें नाहीं. वजन आणि भविष्य या दोहोंची जात एकच आहे. दोन्ही बाहेरून कळावयाचीं, दोहोंवर आपली सत्ता नाहीं, आणि दोहोंची वाट पाहत बसलें कीं आजचें काम राहून जातें. शेवटीं नायक दोहोंचीहि चिंता सोडतो, तेव्हां वाचक खो खो हंसतो. मीहि हंसलों. परंतु येथेंच या लेखाविषयीं माझी तक्रार आहे. नायक कांट्याची चिंता सोडतो आणि त्याबरोबर प्रयत्नहि सोडतो. जणूं एक सोडलें कीं दुसरें सुटलेंच पाहिजे. विनोदी लेखकावर आरोग्याची जबाबदारी टाकणें हा अरसिकपणा होईल, तें मी करीत नाहीं. तरी आमच्या घराघरांतून, अर्ध्यावर सोडून दिलेल्या प्रत्येक नेमाच्या उत्तरक्रियेस हा लेख म्हटला जातो, आणि त्या हंशांत सोडणाराची लाज विरघळून जाते, हें मीं स्वतः अनुभविलें आहे. माझ्या बंधूंनीं मला तो वाचून दाखविला होता, तोहि पुरणपोळीच्या पानावर.

तिसरें पुस्तक अलीकडचें, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचें ‘विनासायास वेट लॉस’. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानावरून प्रेरणा घेतल्याचें दीक्षित मोकळेपणानें सांगतात. त्यांचे नियम चिठ्ठीवर मावतील इतके थोडे आहेत: दिवसांतून दोनच वेळां खावें, प्रत्येक वेळीं पंचावन्न मिनिटांच्या आंत जेवण उरकावें, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावें. वैद्यकीय दृष्टीनें या पद्धतीविषयीं डॉक्टरांत एकमत नाहीं, आणि तो निवाडा करण्याचा अधिकार मजकडे नाहीं. पुस्तक म्हणून पाहतां भाषा सरळ आहे, पाल्हाळ नाहीं, आणि भवानरावांप्रमाणेंच येथेंहि करणारास मोजतां येईल असें कांहीं तरी दिलेलें आहे. शिवाय दीक्षितांनीं अनुयायांचे व्हॉट्सॲपवर गट केले. त्यांत शंका विचाराव्या, प्रगति कळवावी, एकमेकांस धीर द्यावा. औंधांत जें काम शाळेच्या घंटेनें केलें तें येथें हा गट करतो. पुस्तकाचें यश बऱ्याच अंशीं त्या गटाचें यश आहे, असें म्हटल्यास पुस्तकाचा अवमान होऊं नये.

माझें भांडण आहे तें शीर्षकांतील पहिल्या शब्दाशीं. ‘विनासायास’! आयास म्हणजे श्रम, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर जाणें हे ब्याण्णव किलोंच्या माणसास श्रम नव्हेत तर काय आहेत? ज्यास आरंभींच श्रम नाहींत असें सांगितलें, तो श्रम पडतांच आपलें कांहीं तरी चुकत आहे असें समजतो. परिणाम डोळ्यांसमोर आहे. माझ्या परिचयाच्या ज्या ज्या मंडळींनीं हा मार्ग धरला, त्यांच्या तोंडीं ‘दोन वेळां जेवण’ हें वाक्य टिकलें, आणि पंचेचाळीस मिनिटें मात्र दुसऱ्या महिन्यांत कोठें तरी गळून पडलीं. शीर्षकानें जें वचन दिलें तें त्यांनीं अक्षरशः पाळलें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां चौथ्या आठवड्याकडे पुन्हां वळूं. कारण त्या आठवड्यांत शरीरांत काय घडतें हें या तिघांपैकीं कोणीहि सामान्य वाचकाच्या मनावर पुरेसें ठसविलेलें नाहीं. आहार कमी केल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत जें वजन झपाट्यानें उतरतें त्यांत पाण्याचा अंश मोठा असतो. शरीरांतील साठविलेली शर्करा वापरली जाते व तिच्याबरोबर धरलेलें पाणी बाहेर पडतें. तो साठा सरला कीं उतार मंदावतो. शिवाय हलकें झालेलें शरीर तेवढ्याच चालण्यास पूर्वींपेक्षां कमी शक्ति खर्च करतें. तेव्हां कांटा थांबणें हा अपयशाचा पुरावा नसून हिशेबाचा स्वाभाविक भाग आहे. पण ज्यानें आपला सारा उत्साह त्या कांट्यालाच बांधून ठेवला आहे, त्याचा उत्साह त्याच दिवशीं उपाशी मरतो. व्यायामाचे जे लाभ कांट्यावर दिसत नाहींत (रक्तांतील साखर आटोक्यांत राहणें, रक्तदाब उतरणें, झोंप लागणें) ते कांटा थांबला तरी चालूच असतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्याला दीडशें ते तीनशें मिनिटें मध्यम व्यायाम सांगितला, तो बारीक माणसासहि सांगितला आहे.

कांटा हा साक्षीदारहि कितपत भरंवशाचा आहे, याचें एक उदाहरण पुण्याचेंच आहे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकपत्रांत आपला दोघांचा जोडीनें काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानानें काढलेला दोघांचा वजनांक अगदीं एकच, २२.३, परंतु मोजणी केली तेव्हां युडकिन यांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगांत २१.२ टक्के. याज्ञिकांच्याच संशोधनांत असेंहि दिसून आलें कीं पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकें वजनानें सुमारें २.७ किलो, म्हणजे इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोंच्या बालकांहून पुष्कळच लहान असतात. तरी त्यांच्या अंगचें स्नायूंचें मांस जितकें कमी असतें तितकी चरबी कमी नसते. हें वाचलें तेव्हां पोशेऱ्याच्या परिसरांतले ते दोन कांटे, एक चढावा म्हणून पाहिलेला व एक उतरावा म्हणून पाहिलेला, मला पूर्वींइतके परस्परविरोधी वाटले नाहींत. गरोदरपणीं अर्धपोटीं राहिलेल्या आईचें मूल पुढें मधुमेहाच्या वाटेस लागूं शकतें. माझ्या आजीनें दुष्काळांत काय खाल्लें हें कोणीं लिहून ठेवलें नाहीं.

येथें एक मोह टाळला पाहिजे. डोंगरांत राहणारा लेखक लौकरच असें लिहूं लागतो कीं, पाहा, आमच्या गांवच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढतात, त्यांस व्यायामशाळा लागत नाहीं! असलें लिखाण वाचलें कीं मला संताप येतो. हंडा हा व्यायाम नव्हे. तो वाहणारीला पर्याय नाहीं, विश्रांति नाहीं, आणि वाहून आल्यावर ताटांत पुरेसें अन्न नाहीं. परंतु दुसरें एक दृश्य आहे, त्याचा विचार मात्र मी पुष्कळ केला. मोखाड्याचा बोहाडा प्रसिद्ध आहे. देवदेवतांचे व राक्षसांचे मुखवटे चढवून माणसें संबळाच्या तालावर रात्ररात्र नाचतात. तारप्याभोंवतीं वारल्यांचा फेर धरला जातो तेव्हांहि तेंच. त्या नाचणारांस ‘उत्साह कसा टिकवावा’ असें पुस्तक लिहून द्यावें लागत नाहीं. नाचण्याचें फळ नाचण्यांतच आहे; शिवाय आपण फेरांतून निघालों तर दोन्ही बाजूंचे हात सुटतात. पंतप्रतिनिधींच्या मंत्रांत हें होतें, दीक्षितांच्या गटांत याचा अर्धा अंश आहे, आणि देशपांड्यांच्या चाळींत तें अजिबात नव्हतें, म्हणून तेथें उपास बुडाला.

माझा चौथा आरंभ या वाचनानंतरचा आहे. पहिल्याच दिवशीं पहाटे रस्त्यावर झपाट्यानें चाललों असतां मोळी घेऊन येणाऱ्या एका बाईनें थांबून विचारलें, “गुरुजी, गाडी चुकली काय?” तिचें काय चुकलें? इतक्या घाईनें, रिकाम्या हातीं, कोठेंहि न जाण्याकरितां चालणारा माणूस तिनें कां म्हणून समजून घ्यावा? “नाहीं मावशी, अशीच चक्कर,” असें मी म्हणालों खरा, पण दुसऱ्या दिवशीं त्या लाजेनेंच उठवेना.

तिसऱ्या दिवशीं एका निवृत्त टपालवाल्यांची गांठ पडली. जन्मभर त्यांनीं या पाड्यांवरून त्या पाड्यांवर पत्रें पोंचविलीं. आतां पाय स्वस्थ बसूं देत नाहींत. देह काठीसारखा, वजनाचें नांव नाहीं. मीं त्यांस सोबत याल का म्हणून विचारलें. ते म्हणाले, “येतों कीं. एकटा निघालों तर लोक विचारतात, काका, आतां कोणाचें पत्र? दोघे असलों तर कोणी विचारणार नाहीं.” तेव्हांपासून आम्ही दोघे जातों. माझ्या साखरेशीं त्यांस कर्तव्य नाहीं. ते मला ताक घ्या म्हणत नाहींत, घेऊं नका असेंहि म्हणत नाहींत. वाटेनें कोणत्या घरीं कोणतें पत्र केव्हां आलें होतें तें सांगतात, आणि गोष्ट अर्धी राहिली कीं उरलेली उद्यां, असें म्हणून वळतात. कांटा मीं कपाटांत, पूर्वीं बूट होते त्या जागीं ठेवला असून महिन्यांतून एकदांच बाहेर काढतों. दिनदर्शिकेवर मात्र चाललेल्या दिवशीं रेघ ओढतों. चुकलेल्या दिवसाचा चौकोन कोरा राहतो. आतांपर्यंत असे नऊ आहेत, त्यांपैकीं चार एकाच आठवड्यांत, मुलीच्या तापाच्या वेळचे. पांचव्या दिवशीं काका दारांत उभे होते. मी चारच दिवस चुकलों यावर त्यांनीं कांहीं टीका केली नाहीं, कारण अर्धी राहिलेली गोष्ट त्यांस पुरी करावयाची होती.

मराठींत या विषयावर पुढें कोणी पुस्तक लिहील तर त्यानें पहिले तीन आठवडे गाळून आरंभ करावा, एवढीच एका वाचकाची मागणी आहे. नमस्कारांची चित्रें आपणांपाशीं आहेत, आहाराचे तक्ते आहेत, हंसणेंहि भरपूर आहे. कोऱ्या चौकोनानंतरच्या सकाळीचें एक प्रकरण तेवढें हवें आहे. तें लिहिणाराचें वजन किती असावें याविषयीं माझा कांहीं आग्रह नाहीं; तो निदान दोनदां तरी मध्येंच थांबलेला असावा. तूर्त साडेपांच वाजत आले आहेत, आणि काकांच्या काठीचा आवाज अंगणांत येऊन पोंचला आहे.